पाच नंबरची बाई

विद्यापीठाच्या जुन्या कॅम्पसमध्ये उत्तरेकडच्या इमारतीला तळघर होतं, आणि त्या तळघराच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असत त्यांना सगळे किल्लीमामा म्हणत. वर वैद्यकाचे वर्ग, खाली ॲनाटॉमीचा हॉल. ज्यांनी जिवंतपणी आपला देह विद्यापीठाला लिहून दिला, ती माणसं मेल्यावर या हॉलमध्ये येत आणि पहिल्या वर्षाची मुलं त्यांच्यावर शरीर शिकत. आलेल्याला उतरवून घ्यायचं, औषध भरायचं, टेबलावर ठेवायचं, वरची कापडं ओली राहतील असं बघायचं, आणि शेवटी जे उरेल ते ज्याचं त्याला, जराही सरमिसळ न होऊ देता, परत करायचं, हे मामांचं काम. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं.

सकाळी सातला हॉल उघडण्याआधी मामा दोनदा दार वाजवत. एका नव्या डॉक्टरने त्यांना हसत विचारलं होतं, "मामा, आतून कुणी 'या' म्हणालं तर?"

"तर बरंच होईल की," मामा म्हणाले. "इतकी वर्षं बोलावल्याशिवाय जातोय, त्याचंच वाईट वाटतं."

भीती त्यांना ठाऊक नव्हती. मेलेलं माणूस चहाडी करत नाही, रजेचा अर्ज अडवत नाही, मग त्याला भ्यायचं कशाला, असं ते म्हणत. भ्यायला ते शिकले वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना.

विद्यापीठ एकच, पण तीन जागी पसरलेलं. शहरातला जुना कॅम्पस. टेकडीवरचा, जिथे प्रयोगशाळा आणि मोठं ग्रंथालय. आणि नदीपलीकडचा नवा, जिथे इमारतींना काचाच काचा होत्या आणि झाडं अजून माणसाच्या खांद्याएवढीसुद्धा झाली नव्हती. तिन्हींच्या मधून एक पांढरी बस दिवसभर फिरायची. प्राध्यापक, मुलं, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, बर्फाच्या डब्यातले नमुने, सगळं त्याच बसमधून. संध्याकाळी पाच वीसला ती बस टेकडीवरून खाली यायची आणि तिच्यातून मामांची बायको उतरायची.

ती ग्रंथालयाच्या मागे बांधणी विभागात होती. फाटलेली पुस्तकं दुरुस्त करायची आणि नवे प्रबंध बांधायचे. खळ, पुठ्ठा, दाभण आणि मेणाचा दोरा यांच्यात तिची तीस वर्षं गेली. "या विद्यापीठात माझ्या हाताखालून गेल्याशिवाय कुणी डॉक्टर होत नाही," असं ती मिरवायची. खोटंही नव्हतं ते. तिथली मुलं तिला मावशी म्हणत. इकडे मामा, तिकडे मावशी. "अहो, विद्यापीठाच्या लेखी आपण बहीण-भाऊ झालो," म्हणून ती बसथांब्यावर एवढ्या मोठ्याने हसायची की मामाच चोरट्यासारखे इकडेतिकडे बघायचे.

बोलायचं काम तिचं आणि ऐकायचं मामांचं. कुठल्या प्रबंधाची पानं उलटी लागली, कोण आभार मानताना बायकोचं नाव विसरला, सगळ्या विभागाची खबर तिच्याकडे. मामा मात्र स्वतःच्या कामाबद्दल घरात ब्र काढत नसत. दारातल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे, शर्ट बदलायचा, मग उंबरा ओलांडायचा. हॉल त्या नळाच्या अलीकडे कधी आला नाही. लेक लहान असताना शाळेत कुणी विचारलं तर सांगायची, "बाबा विद्यापीठात किल्ल्या सांभाळतात." तिला कित्येक वर्षं खरंच तेवढंच माहीत होतं.

एका संध्याकाळी चहाचा कप पुढे ठेवता ठेवता ती म्हणाली, "अहो, मी फॉर्म भरला."

"कसला?"

"तुमच्याकडचा. देहदानाचा."

मामांच्या हातातला कप बशीवर आपटला. "वेड लागलंय का तुला? माझ्याकडे यायचंय तुला? माझ्या हॉलमध्ये?"

"तुमच्याकडे कशाला? विद्यापीठाकडे. तीन-तीन कॅम्पस आहेत, मिळेल तिथे जाईन." आणि मग तिचं ते हसणं. "सातवीत माझी शाळा सुटली. आयुष्यभर दुसऱ्यांचे प्रबंध शिवले. आता जरा उशिरा का होईना, ॲडमिशन घेते."

"तिथे काय होतं ते तुला माहीत नाही."

"मग सांगा ना." ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "तीस वर्षांत कधी सांगितलंत? आज सांगा. नको वाटलं तर फाडून टाकते फॉर्म. तुमची शपथ."

मामांनी तोंड उघडलं. काय सांगायचं ते त्यांना पाठ होतं, कुठल्या दिवशी काय, कशानंतर काय. पण समोर ती बसलेली, पदराने कपाळ पुसत, डोळे त्यांच्यावर. त्यांनी कप उचलला आणि गार चहा पिऊन टाकला.

"बरं," ती म्हणाली, "म्हणजे फार वाईट नसणार," आणि कप विसळायला उठली.

त्यानंतर आठ महिन्यांनी ती गेली. पोटात दुखतंय म्हणून तपासायला गेली, आणि तपासण्या संपेपर्यंत उपचाराची वेळ निघून गेली होती. शेवटच्या आठवड्यात ती हॉस्पिटलच्या खाटेवरून दोनदा म्हणाली, "फॉर्म कपाटात डावीकडे आहे. विसराल हां." मामा मान हलवत राहिले. तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

लेक दुसऱ्या शहरातून धावत आली. फॉर्म बघितल्यावर तिचा बांध फुटला. "बाबा, आईला तिथे? तुम्ही सही करणार? तुम्ही?"

"तिची इच्छा आहे."

"तिला कळत होतं का, ती काय लिहून देतेय ते?"

त्यांनी सही केली. विभागाच्या प्रमुख मॅडमना त्यांनी एवढीच गळ घातली, की तिला जुन्या कॅम्पसला नको, नदीपलीकडे पाठवा. मॅडमनी लगेच व्यवस्था केली. न्यायला जी गाडी आली तिच्यासोबत नव्या कॅम्पसचा मदतनीस होता. मामांनीच त्याला तीन वर्षं हाताखाली घेऊन तयार केलेलं. स्ट्रेचर बघून मामा सवयीने पायाकडची बाजू धरायला पुढे झाले. त्याने हळूच त्यांचा हात बाजूला केला.

"मामा, तुम्ही बसा. आज तुम्ही नातेवाईक आहात."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मामांच्या मनात पहिल्यांदा ते वाक्य आलं, आणि पुढे महिनोन्‌महिने ते गेलं नाही. मी सांगितलं असतं, तर तिने फॉर्म फाडला असता.

मामा कामावर परत आले, पण हॉल पूर्वीचा राहिला नाही. म्हणजे हॉल तोच, दोन ओळींत सोळा टेबलं, वर छताजवळच्या झडपांतून येणारा पांढरट उजेड, औषधाचा डोळ्यांत जाणारा वास. पण आता कापड ओलं करताना त्यांचा हात थबकायचा. प्रत्येक चादरीखाली त्यांना कुणाचंतरी घर दिसायचं. हिला कुणी सांगितलं होतं का? याला? सह्या सगळ्यांच्या होत्या. पण सही म्हणजे माहिती नव्हे, हे मामांना आता ठाऊक होतं.

मग हाक सुरू झाली.

पहिल्यांदा ती आली भर दुपारी. मुलं जेवायला गेली होती, मामा फरशीवर पाणी मारत होते, आणि मागून, अगदी तीन-चार हातांवरून, कुणीतरी म्हणालं, "अहो."

पायाला पाणी लागेपर्यंत मामा तसेच उभे राहिले. मग वळले. कुणी नव्हतं. वाराही नव्हता, की झडप वाजली म्हणावं. त्यांना 'अहो' म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते नदीपलीकडे अठरा किलोमीटरवर होतं. मामांनी उरलेलं पाणी ओतलं, खराटा मारला आणि स्वतःलाच दटावलं, की म्हाताऱ्या, कान वाजायला लागले तुझे. पण त्या दिवशी कुलूप लावल्यावर त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं.

दहाव्या महिन्यात नव्या कॅम्पसवरून निरोप आला. तिथल्या तळघराची हवा बाहेर टाकणारी यंत्रं बंद पडली होती आणि तपासनिसांनी तो हॉल सहा महिने बंद ठेवायला सांगितलं होतं. तिथले सातजण जुन्या कॅम्पसला यायचे होते. प्रमुख मॅडम नेमक्या परदेशी परिषदेला गेलेल्या. मामांनी तयार केलेला तो मदतनीसही नोकरी बदलून गेलेला. एका सकाळी गाडी आली, अनोळखी ड्रायव्हरने कागद पुढे केला, आणि मामांनी सात नंबरांपुढे सात सह्या केल्या. नावं कधीच नसतात, नंबरच असतात. नावांची वही वरच्या मजल्यावर कुलपात.

सातांत चार पुरुष. तीन बायका. त्यांतली एक फारच उंच, दुसरी अगदी वयस्कर. तिसरीला उचलताना मामांच्या हातांना वजन ओळखीचं वाटलं. हे त्यांनी पुढे शपथेवर सांगितलं असतं. आजारपणात न्हाणीघरापासून खाटेपर्यंत किती वेळा उचललं होतं त्यांनी. औषध भरल्यावर वजन तसंच राहत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. तरी हातांनी ऐकलं नाही.

चेहऱ्यावर कापड गुंडाळलेलं होतं. हातापायांनाही, कातडी सुकू नये म्हणून. केस काढलेले. मामांनी तिला पाच नंबरच्या टेबलावर ठेवलं आणि मागे सरकले.

वर एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं असतं तर अर्ध्या मिनिटात. मामांनी दोन्ही केलं नाही. जे माहीत नाही ते निदान माहीत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. रजा टाकावी असंही वाटलं. पण मग तिच्यावरची कापडं कोण ओली ठेवणार? दुसरा कुणी आला असता तर त्याने पाणी मारलं असतं, मामांसारखं कडांपर्यंत नसतं मारलं. तेव्हा ते राहिले. सगळ्यांचं करायचे, आणि पाच नंबरचं सगळ्यांत शेवटी, नजर भिंतीवर ठेवून, चाचपत, आंधळ्यासारखं.

हाक आता आठवड्यातून एकदा-दोनदा येत होती. नेहमी दुपारी, नेहमी पाठीमागून. एकदा त्यांच्या तोंडून आपसूक "काय गं?" निघून गेलं, आणि मग पुढचं ऐकायला ते कितीतरी वेळ खराटा हातात घेऊन उभे राहिले. पुढचं कधी आलं नाही.

पाच नंबरवर सहा मुलांचा गट होता. त्यांत एक चष्मेवाली मुलगी होती, अभ्यासू आणि जरा जास्तच प्रश्न विचारणारी. एके दिवशी ती मामांच्या टेबलाशी आली.

"मामा, आज आम्ही पाच नंबरच्या हाताचं कापड सोडलं. उजव्या तर्जनीला आडवा चर आहे, खोल. दोऱ्याने कापत कापत गेल्यासारखा. सर म्हणाले, कामाचा असणार. काय काम करत असेल हो ही?"

तो चर त्यांनी तीस वर्षं बघितला होता. मेणाचा दोरा बोटावर वळसा देऊन ओढायचा, पानांचा एकेक जुज घट्ट बसेपर्यंत. हिवाळ्यात तो चर उलायचा आणि ती त्यावर तूप लावून झोपायची.

"बांधणीचं," मामा म्हणाले. "पुस्तकं बांधायचं."

"तुम्हाला कसं कळलं?"

"दोरा ओढून पडतो तसा." एवढं बोलून ते जिना चढून वर गेले आणि अंगणातल्या बाकावर बसले. मुलगी थोड्या वेळाने मागोमाग आली. मामांचा चेहरा बघून ती काही न विचारता शेजारी बसली. आणि कुणाला कधी न सांगणारे मामा, त्या विशी न गाठलेल्या पोरीला म्हणाले, "माझी बायको आहे ती."

मुलीने हात तोंडावर घेतला. तिच्या बोटांना अजून औषधाचा वास होता, तो तिच्याच नाकात गेला असावा, कारण तिने हात लगेच खाली केला. "आम्ही थांबतो मामा. मी सरांना सांगते. आजच."

"थांबू नका," मामा म्हणाले. "तिने थांबायला नव्हतं सांगितलं. आणि कुणाला बोलू नका." मुलीने मान हलवली. नंतर ती आपल्या गटात काय बोलली कोण जाणे, पण त्या दिवसापासून पाच नंबरच्या टेबलाशी कुणी मोठ्याने हसलं नाही.

पुढच्या रविवारी सकाळी, सुट्टी असताना, मामा हॉलवर गेले. पाच नंबरशी एक स्टूल ओढून बसले. चेहऱ्यावरचं कापड त्यांनी काढलं नाही.

"तू विचारलं होतंस," ते म्हणाले. "सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. पहिल्या दिवशी गाडीतून उतरवल्यावर काय करतात, औषध कुठून भरतात, किती दिवस तसंच ठेवतात. मुलं पहिल्यांदा येतात तेव्हा दोघं-तिघं तरी चक्कर येऊन पडतात. पहिला छेद पाठीवर देतात, कारण पाठीला चेहरा नसतो. मग छाती, मग पोट, मग हात. चेहरा सगळ्यांत शेवटी, तोवर मुलं धीट झालेली असतात. काही मुलं वाह्यातपणा करतात, भीती लपवायला. काही घरी जाऊन जेवत नाहीत. निघालेला कणन्‌कण मी ज्याच्या त्याच्या डब्यात ठेवतो, चिठ्ठी लावून, एक कण इकडचा तिकडे होऊ देत नाही. काही लपवलं नाही त्यांनी. सांगताना आवाज दोनदा गेला, पाणी प्यायले, पुन्हा सुरुवात केली. झडपांतला उजेड एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर सरकला.

"हे सगळं त्या दिवशी सांगायला हवं होतं," शेवटी ते म्हणाले. "आता तू फाडणार कसा फॉर्म? मला माफ कर."

हॉलमध्ये हवा बाहेर टाकणारी मोटार घरघरत होती, बाकी काही नाही. मामा तासभर बसून राहिले. आज तरी ती हाक येईल असं त्यांना वाटलं होतं. आली नाही. पण बाहेर पडताना छातीवरचा धोंडा थोडा सरकल्यासारखा झाला, आणि त्या दिवशी ते नीट जेवले.

तीन आठवड्यांनी प्रमुख मॅडम परतल्या. मामांनी मनाचा हिय्या केला आणि त्यांना सगळं सांगितलं. मॅडम ऐकता ऐकताच उठल्या, कुलपातली वही काढली. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग खुर्ची मामांच्या बाजूला ओढून बसल्या.

"मामा, त्या सातांत तुमच्या मिसेस नाहीत."

"पुन्हा बघा," मामा म्हणाले.

"सहा महिन्यांपूर्वीच त्यांना टेकडीवर नेलंय. तिथे मणक्यांवर संशोधन चालतं. फॉर्ममध्ये त्यांनी शिक्षण आणि संशोधन, दोन्हीवर खूण केली होती. आम्ही घरी पत्र पाठवलं होतं, मुलीच्या पत्त्यावर. कळवायच्या माणसांत पहिलं नाव तिचंच होतं. म्हणून तर या सातांना इकडे पाठवताना कुणी तुम्हाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच."

"मग तो चर?"

मॅडमनी पुन्हा वहीत पाहिलं. "पाच नंबर... व्यवसाय, मासेमारीची जाळी विणणे."

मामांना आधी हसू आलं. खरोखरचं, खांदे हलवणारं हसू, आणि मॅडम घाबरल्या. मग ते थांबलं. आयुष्यात एकदाच मन मोकळं केलं, ते एका परक्या बाईजवळ. जाळी विणणाऱ्या कुणाजवळ तरी. अशी गोष्ट तिला ऐकवली जी तिच्यावरच बेतत होती, आणि तिने विचारलंही नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी लेकीला फोन लावला. "पत्र आलं होतं तुला?"

"आलं होतं. तुम्हाला त्रास होईल म्हणून नाही सांगितलं."

"सांगायचं होतंस गं."

"तुम्ही तरी कुठे काय सांगता, बाबा," लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मामांना जास्त लागलं.

मॅडमनी परवानगी मिळवून दिली आणि मामा पांढऱ्या बसने टेकडीवर गेले. ती गेल्यापासून पहिल्यांदाच. प्रयोगशाळा ग्रंथालयाच्या मागच्याच इमारतीत निघाली. खिडकीतून बांधणी विभागाचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं, जिथे ती दुपारी पुठ्ठे वाळत घालायची. सहा महिने ती तिथेच होती, जुन्या कामापासून दोनशे पावलांवर. आणि मामा भलत्याच टेबलाशी बसून रडत होते.

तिथला संशोधक सडसडीत, अबोल माणूस होता. "बघायचंय का तुम्हाला?" त्याने विचारलं.

मामा म्हणाले, "नको. तिच्याकडून तुम्हाला काय कळलं तेवढं सांगा."

त्याला असं कुणी विचारलं नव्हतं बहुतेक. त्याने कागद काढला, त्यावर वळणावळणाची रेघ होती. वर्षानुवर्षं वाकून बसणाऱ्यांच्या मणक्यांत खालच्या दोन चकत्या कशा झिजतात आणि वरच्या त्यांचा भार कसा उचलून धरतात, ते तो सांगू लागला. अशी झीज असून ही बाई चालत होती, बसमध्ये चढत होती, हे त्याला नवल वाटत होतं. मामांना अर्धं कळलं. त्यांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि त्याने सांगितलं.

निघताना मामा दाराशी थांबले. आत ती होती. आता सांगायला काय हरकत होती? पण खोलीत यंत्रं होती, दोन-तीन माणसं संगणकापुढे बसली होती, आणि मुख्य म्हणजे शब्द उरले नव्हते. सांगायचं ते सांगून झालं होतं, फक्त भलत्या पत्त्यावर. मामा रिकाम्या हातांनी पाच वीसच्या बसमध्ये बसले.

हे सगळं कळल्यावर हाक बंद होईल असं त्यांना वाटलं. ती इथे नाहीच, तर बोलावणार कोण? आठ-दहा दिवस खरंच काही नव्हतं. मग एका दुपारी मामा खराटा टेकवून ठेवत असताना ती आली, तशीच, पाठीमागून, तीन-चार हातांवरून.

"अहो."

मामांनी सावकाश वळून पाहिलं. मागे पाच नंबरचं टेबल होतं. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, जे इतक्या महिन्यांत आलं नव्हतं, की आवाज बायकोचा आहे असं त्यांनी मानलं होतं, ओळखला कधीच नव्हता. 'अहो' काय, कुणाचीही बायको म्हणते. हिचाही कुणीतरी 'अहो' असणार. तो कुठे होता? हाक ऐकून तो का आला नाही?

त्या दिवशी मामांची पाचावर धारण बसली. हातातली बादली तिथेच टाकून ते वर आले आणि बाकावर बसले. कान वाजत होते म्हणावं तर म्हणावं. मामांनी पुढेही कधी छातीठोकपणे काही सांगितलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते खाली गेले, आणि त्यानंतर पाच नंबरचं कापड त्यांनी भिंतीकडे बघत ओलं केलं नाही. तिच्याकडे बघूनच केलं.

वर्ष संपलं. टेकडीवरून बायको परत मिळाली. लेक आली, दोघांनी मिळून तिला निरोप दिला. त्यानंतर तीन दिवस लेक राहिली, आणि मामांनी तिला हॉलबद्दल विचारेल ते सगळं सांगितलं. तिने बरंच विचारलं. काही ऐकून ती उठून गेली, पुन्हा येऊन बसली.

जुन्या कॅम्पसवरच्या सातांपैकी सहाजणांना न्यायला माणसं आली. पाच नंबरला कुणी आलं नाही. कागदावरचा पत्ता खोटा नव्हता, पण तिथे आता दुसरंच कुणी राहत होतं. नियमाप्रमाणे विद्यापीठ अशांचा अंत्यविधी स्वतःच करतं, एका कर्मचाऱ्याच्या सहीने. मामांनी आजवर तशा वीसेक सह्या केल्या असतील, 'विद्यापीठातर्फे' म्हणून. या वेळी त्यांनी वरच्या कारकुनाकडे तो कागद मागितला नाही. दुसरा मागितला, नातेवाइकांचा.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "कोण लागते तुमची?"

मामांनी फॉर्मवर तिचं नाव वाचलं. पहिल्यांदाच. ते त्यांनी पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. 'मृताशी नातं' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'ओळखीचा.'

"ओळखीचा हे नातं होत नाही, मामा."

"होतं," मामा म्हणाले. "तुम्ही शिक्का मारा."

कारकुनाने शिक्का मारला. मामांनी पेटी स्वतः उचलली, पायाकडच्या बाजूने, आणि गाडीत मागे तिच्या शेजारीच बसले. ड्रायव्हर नवीन होता. फाटकातून बाहेर पडताना त्याने आरशातून विचारलं, "घरचं कुणी?"

"नाही," मामा म्हणाले. "जाळी विणायची ती."